वळिवड्याचे पोल, मालवणचा तह आणि मद्रासचे अलेक्झांड्रोविच सर

बाररूमचा कोपरा
शनिवार, रात्री ९.४०

एलएलबीला आंतरराष्ट्रीय कायद्याचा पेपर दिलेल्यांना आठवत असेल. पहिलं प्रकरण १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहानं सुरू होतं. मग डच पंडित ग्रोशियस, मग व्हिएन्ना आणि हेगच्या परिषदा, आणि आपण एकदम १९४७ ला उगवतो, कुत्र्याच्या छत्रीसारखे. आमच्या मास्तरांनी दिलेल्या नोट्समध्ये 'भारत हे नवे राष्ट्र' हे वाक्य लाल शाईनं अधोरेखित होतं. मीही ते घोकून लिहिलं आणि पंचावन्न मार्क घेऊन मोकळा झालो.

पुढं बऱ्याच वर्षांनी इनामाच्या जमिनीचा एक दावा आला. सरंजाम म्हणजे मालकी की नुसता वसूल, यावर दोन तारखा उलटतपासणी चालली. त्या नादात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा १९६० चा एक निकाल हाताला लागला. (हेगमध्ये सरंजामावर वाद झालाय हे तोवर माझ्या गावीही नव्हतं. त्याबद्दल खाली येतो.) आणि त्या निकालाच्या मागं मागं जाताना भेटले आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक चार्ल्स हेन्री अलेक्झांड्रोविच.

जन्म १९०२, लेम्बर्ग. या गावाची गंमत अशी की ते जागचं हललं नाही, पण त्याचं राज्य बदलत राहिलं. सर जन्मले तेव्हा ऑस्ट्रियाचं, पहिल्या महायुद्धानंतर पोलंडचं ल्वूव, मग सोव्हिएत, आज युक्रेनचं लविव. शाळा व्हिएन्नात, कायद्याचं शिक्षण क्राकोच्या यागिएलोनियन विद्यापीठात. दुसऱ्या महायुद्धात मायदेश गेला आणि हे लंडनला पोचले. तिथं पोलिश वकिलातीत आर्थिक सल्लागार, युद्धानंतर युरोपातली मोडून पडलेली वाहतूक सावरणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत काम, मधल्या काळात बॅरिस्टरीही.

आणि १९५१ साली, जवळजवळ पन्नाशीला आलेला हा माणूस मद्रास विद्यापीठात दाखल झाला. आंतरराष्ट्रीय आणि घटनात्मक कायद्याचा विभाग उभा केला, आंतरराष्ट्रीय घडामोडींचं भारतीय वार्षिक सुरू केलं, दहा वर्षं शिकवलं. आपल्या ताज्या राज्यघटनेवर १९५७ मध्ये इंग्रजीत पुस्तकसुद्धा लिहिलं. १९६१ ला सिडनीला गेले, पुढं लंडनला. १९७५ ला वारले.

पण मला या यादीपेक्षा मोठी वाटते ती मद्रासला आल्यावर त्यांनी केलेली एक गोष्ट. युरोपातला प्राध्यापक इथं येऊन ग्रोशियस शिकवून परत गेला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. हे दप्तरात शिरले. पोर्तुगीज, डच, इंग्रज, फ्रेंच यांनी सोळाव्या ते अठराव्या शतकात आशियातल्या राजांशी केलेले तह त्यांनी काढले. कालिकतचा झामोरिन, मुघल, मराठे, श्रीलंकेतलं कँडी, ब्रह्मदेश. आणि विचारलं की हे तह करताना युरोपियन समोरच्याला काय समजत होते? उत्तर कागदातच होतं. सार्वभौम राजा समजत होते. वकील पाठवत होते, नजराणे देत होते, कलमं ठरवत होते, मोडली तर भरपाई मागत होते. बरोबरीच्या माणसाशी करतात तसा व्यवहार.

मग 'आशियाला आंतरराष्ट्रीय कायदा नव्हता' हे आलं कुठून? सरांचं म्हणणं, ते एकोणिसाव्या शतकात आलं. त्याआधीचा राष्ट्रांचा कायदा निसर्गनियमावर उभा होता, म्हणून सगळ्या माणसांना लागू. एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांनी त्याचा क्लब केला, 'सुसंस्कृत' राष्ट्रांपुरता, आणि दारावर पाटी लावली. हे सगळं १९६७ च्या त्यांच्या मुख्य पुस्तकात आहे, ईस्ट इंडीजमधल्या राष्ट्रांच्या कायद्याचा इतिहास.

त्यातून निघणारा मुद्दा माझ्या पंचावन्न मार्कांच्या मुळावर येतो. वसाहतवाद गेल्यावर उभी राहिलेली राष्ट्रं सगळीच 'नवी' नाहीत. काहींचं सार्वभौमत्व आधी होतं, मध्ये झाकलं गेलं, परत आलं. पोलंड १७९५ ला नकाशावरून पुसला गेला आणि १९१८ ला परत आला तेव्हा अलेक्झांड्रोविच सोळा वर्षांचे होते. आपल्या पोलंडला कुणी 'नवं राष्ट्र' म्हटलेलं त्यांना रुचलं असतं का? माझा तर्क आहे की मद्रासमध्ये बसून मराठ्यांचे तह वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यात हे होतंच.

सध्या एवढंच. हेगचा किस्सा प्रतिसादांत.

---

तांबडापांढरा
शनिवार, रात्री १०.०५

रुमाल टाकून ठेवतो. वकीलसाहेब, शीर्षकात वळिवडं हाय आणि लेखात न्हाई. हे काय बरोबर न्हाई बगा. ते सर वळिवड्याच्या कॅम्पातले का काय?

---

बाररूमचा कोपरा
शनिवार, रात्री १०.२०

नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यातला पोलिश निर्वासितांचा कॅम्प १९४३ ते १९४८, सर भारतात आले १९५१ ला. कॅम्प उठल्यावर तीन वर्षांनी, आणि तेही मद्रासला. ओढून ताणून जोडणार नाही.

पण धागा एक आहेच. वळिवड्यात जे सुमारे पाच हजार पोल राहिले ते पूर्व पोलंडमधले. १९४०-४१ ला सोव्हिएत सत्तेनं उचलून सैबेरिया, कझाकस्तानात टाकलेले, १९४१ च्या करारानं सुटलेले, इराणमार्गे इथं आलेले. ल्वूव त्याच पट्ट्यातलं. आता कायद्याची बाजू बघा. या लोकांचं सरकार होतं लंडनमध्ये, परागंदा. ५ जुलै १९४५ ला इंग्लंड-अमेरिकेनं त्या सरकारची मान्यता काढली आणि वॉर्साच्या नव्या सरकारला दिली. पंचगंगेकाठी भाकरी थापणाऱ्या, शाळेत जाणाऱ्या, चर्चमध्ये प्रार्थना करणाऱ्या पाच हजार माणसांचं सरकार एका दिवसात सरकार राहिलं नाही. मान्यता म्हणजे काय, यावर आम्ही दहा मार्कांचं उत्तर लिहायचो. वळिवड्यात ते जगून बघितलं लोकांनी.

---

रंकाळाकाठची
शनिवार, रात्री १०.४८

'भाकरी थापणाऱ्या' नाही हो, पाव भाजणाऱ्या. :)

माझी आजी लग्न होऊन उचगावात आली तेव्हा कॅम्प भरात होता. सासूबरोबर डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायला जायची. सांगायची, गोऱ्या बाया घासाघीस करायच्या त्या आपल्यासारखीच, आणि बटाट्याला 'बटाटाच' म्हणायच्या. एकीनं तिला लोकरीचा स्वेटर विणून दिला होता. कोल्हापुरात स्वेटर! तो आजीनं कधी घातला नाही पण ट्रंकेत शेवटपर्यंत होता. एकदा बाजारात कळलं की 'त्यांचं राज्य गेलं'. आजीला प्रश्न पडला, राज्य गेलं तर ही माणसं कुणाची? तिला तिच्या आजेसासऱ्यांनी दिलेलं उत्तर घरात अजून सांगतात: 'महाराजांच्या हद्दीत हाईत, म्हंजे महाराजांची.'

---

बाररूमचा कोपरा
शनिवार, रात्री ११.०२

ताई, पावाबद्दल माफी. तुमच्या आजीच्या आजेसासऱ्यांना आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पेपरला मी साठ दिले असते. प्रादेशिक आश्रयाचा सिद्धांत एका ओळीत.

---

गांधीनगरकर
रविवार, सकाळी ८.१५

त्याच बराकी पुढं आमच्या आजोबांना मिळाल्या. सिंधमधून निघालेले. पोल गेले, आम्ही आलो, कॅम्पाचं गांधीनगर झालं, आता लोक तिथं होलसेल कापड घ्यायला येतात. लहानपणी भिंतीचा गिलावा निघाला की खाली परकी अक्षरं दिसायची. आम्हाला वाटायचं इंग्रजी.

---

शंकेखोर
रविवार, सकाळी ९.३०

आठवणी छान. पण मूळ मुद्द्यावर शंका. हे सर जरा जास्तच गोड चित्र काढतात असं नाही वाटत? युरोपियन आशियाई राजांना बरोबरीचे मानत होते म्हणे. तोफा लावून केलेले तह बरोबरीचे कसे? शिवाय फर्मान म्हणजे तह नव्हे. बादशहानं व्यापाऱ्याला दिलेली सवलत ती. त्याला 'आंतरराष्ट्रीय करार' म्हणणं म्हणजे युरोपच्या चौकटीत आपला इतिहास कोंबणं.

---

बाररूमचा कोपरा
रविवार, दुपारी १२.१०

शंका रास्त. फर्मानाबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे, तिथं सर थोडे उदार होतात.

तोफांबद्दल मात्र नाही. इथलंच उदाहरण घ्या. १७६५ मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी आपल्या कोल्हापूर राज्याचा मालवणचा सिंधुदुर्ग घेतला. नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस (टिकलं नाही, बरं झालं). १७६६ मध्ये कोल्हापूरच्या राणी जिजाबाईसाहेबांच्या कारभारात तह झाला, भरपाई ठरली, किल्ला परत. आता विचारा, किल्ला हातात असताना इंग्रजांनी तह केला कशाला? कारण समोर राज्य होतं. लुटारूची टोळी असती तर तह नसता, फाशी असती. जबरदस्तीनं केलेला तह हा तहच, त्या काळच्या कायद्यानं तर नक्कीच. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीनं व्हर्सायला काय हसत सही केली होती? म्हणून कुणी जर्मनीला राज्य म्हणायचं सोडलं नाही.

मग १७९२ चा तह, मग १८१२ चा. १८१२ ला सिंधुदुर्ग गेला तो गेलाच, आणि बदल्यात इंग्रजांचं संरक्षण आलं. इथून उतार सुरू होतो. आणि उताराच्या तळाशी काय आहे ते बघा: मणिपूर संस्थानातल्या उठावानंतर २१ ऑगस्ट १८९१ च्या गॅझेटात हिंदुस्थान सरकारनं जाहीर केलं की सरकार आणि देशी संस्थानं यांच्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वं लागू नाहीत. १७६६ ला ज्या राज्याशी कलमं ठरवून तह केला, सव्वाशे वर्षांनी त्याच राज्याला सांगितलं की तुमचा आमचा मामला राष्ट्रांच्या कायद्यात बसतच नाही. मधल्या काळात कोल्हापूर तेच होतं. बदलली ती पुस्तकं. अलेक्झांड्रोविच जे म्हणतात ते एवढंच.

---

मोडीवाला
रविवार, दुपारी १.४५

वा. आंग्र्यांचं पण हेच. इंग्रजांच्या लेखी कान्होजी 'चाचा', म्हणजे समुद्री लुटारू. पण १७१३ मध्ये त्याच कान्होजीशी कंपनीनं तह केला. आणि त्याचे दस्तक, म्हणजे परवाने, घेतल्याशिवाय कोकण किनाऱ्यावर जहाज सुरक्षित नसायचं, अगदी पोर्तुगिजांचा परवाना, कार्ताझ, घेऊन जायचं तसं. पोर्तुगिजांनी परवाना विकला तर समुद्रावरची सत्ता, मराठ्यांनी विकला तर चाचेगिरी!

(अवांतर: शाहूकडे जायच्या आधी कान्होजी ताराराणींच्या बाजूला होता. कोल्हापूरकरांनी तेवढं लक्षात ठेवावं.)

---

बाररूमचा कोपरा
रविवार, दुपारी २.२०

कार्ताझचा विषय काढलात ते बरं केलं. सरांचा १९५९ चा एक निबंध नेमका यावर आहे. ग्रोशियसनं १६०९ ला 'समुद्र सगळ्यांना मोकळा' असं मांडलं ते डच कंपनीची बाजू घेऊन, पोर्तुगिजांविरुद्ध. पोर्तुगिजांच्या बाजूनं फ्रेतास नावाच्या पाद्र्यानं १६२५ ला उत्तर दिलं. सर सांगतात की हिंदी महासागरात पोर्तुगीज यायच्या आधी शतकानुशतकं गुजराती, अरब, मलबारी, मलायी जहाजं मोकळी फिरत होती, आणि ग्रोशियसला मोकळ्या समुद्राचा दाखला इथं तयार मिळाला. म्हणजे ज्याला 'आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक' म्हणून आपण पाठ करतो, त्याच्या पाटीवर थोडी अक्षरं कालिकतची.

---

एलएलबी तिसरं वर्ष
रविवार, सायंकाळी ५.३०

सर, लेम्बर्गचं वाचून एक आठवलं. लॉटरपॅख्त पण तिकडचेच ना? आमच्या पुस्तकात त्यांचं नाव सारखं येतं. आणि हेगचा सरंजामाचा किस्सा राहिला!

---

बाररूमचा कोपरा
रविवार, रात्री ८.५०

हो. हर्श लॉटरपॅख्त १८९७ चे, लेम्बर्गजवळच्या झुव्कियेवचे. लेम्बर्गला शिकले, पुढं केंब्रिजला प्राध्यापक. नाझी पुढाऱ्यांवरच्या न्युरेंबर्ग खटल्याच्या सनदेत 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' हा शब्दप्रयोग आला त्यामागं ते. आणि 'जेनोसाइड' (वंशसंहार) हा शब्द १९४४ ला घडवणारे राफाएल लेमकिन, तेही ल्वूवलाच कायदा शिकलेले. गावाचं पाणी म्हणावं तर आपल्याकडं तालमीच्या मल्लांचं निघतं, त्यांच्याकडं आंतरराष्ट्रीय कायद्याच्या प्राध्यापकांचं. ज्या गावात राज्य दर पिढीला बदलतं तिथल्या पोरांना 'राज्याच्या वर काही आहे का' हा प्रश्न लवकर पडत असावा. दोघांवर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून मी तिसऱ्याचा धागा काढला.

आता हेग.

जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांकडून सुटली. त्यात आपले सुधीर फडके होते हे इथं सांगायला नकोच, बाबूजींचा जन्म कोल्हापूरचा. पोर्तुगालला दमणहून तिथं पोचायला भारताची हद्द ओलांडावी लागे, भारतानं वाट बंद केली. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रांत आला, १९ ला हेगच्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला, २२ ला भारतावर दावा ठोकला. इतक्या तातडीनं आपल्याकडं मनाई अर्जसुद्धा दाखल होत नाही.

दावा काय, तर १७७९ च्या पुणे दरबाराशी झालेल्या तहानं ही गावं आमच्या मालकीची, सबब जाण्यायेण्याचा हक्क आमचा. भारताकडून ॲटर्नी जनरल सेटलवाड, आणि भारतानं नेमलेले न्यायाधीश म्हणून आपल्या मुंबई हायकोर्टाचे छागला. मग सुरू झाला शब्दांचा कीस. तहात बारा हजार रुपयांच्या उत्पन्नाची गावं द्यायचं कबूल. १७८३ आणि १७८५ च्या हुकमांत शब्द जहागीर, सरंजाम. हेगच्या न्यायमूर्तींनी मराठ्यांचे दुसरे तह काढून ताडून बघितलं: जिथं मराठ्यांना मुलूख कायमचा तोडून द्यायचा होता तिथं त्यांनी तसे स्पष्ट शब्द वापरलेत. इथं नाहीत. म्हणजे दिला तो वसूल, राज्य नव्हे.

१२ एप्रिल १९६० चा निकाल. मराठ्यांकडून पोर्तुगालला सार्वभौमत्व मिळालं नाही. मात्र पुढं इंग्रजांनी आणि नंतर भारतानं तिथली पोर्तुगीज सत्ता मूकपणे मानली होती, त्यामुळं खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि मालाला वाटेचा हक्क होता (११ विरुद्ध ४). फौज, पोलीस, हत्यारांना नव्हता (८ विरुद्ध ७). आणि १९५४ ला भारतानं कायदा मोडला नाही (९ विरुद्ध ६).

मला यातलं सगळ्यात आवडतं ते वेगळंच. आपलीच बाजू असा युक्तिवाद करत होती की १७७९ चा तह वैधच नाही. न्यायालयानं ते मानलं नाही. अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानातल्या तहाची वैधता नंतर तयार झालेल्या रिवाजांवर तपासायची नाही, आणि मराठे स्वतः तो तह बंधनकारक मानत होते, असं म्हटलं. म्हणजे मराठ्यांचा तह हा तह होता हे मान्य झालं आणि तरी, खरं तर त्यामुळंच, पोर्तुगालला त्यातून राज्य मिळालं नाही. पेशवे दरबारच्या कारकुनानं शब्द नेमका वापरला होता!

त्याच १९६० साली अलेक्झांड्रोविच हेगच्या अकादमीत व्याख्यानं देत होते. विषय: सतराव्या-अठराव्या शतकातले युरोपीय आणि दक्षिण आशियाई सत्तांचे तह.

---

तांबडापांढरा
रविवार, रात्री ९.१५

नाद खुळा! पेशव्यांचा कारकून हेगला केस जिकतोय. आणि आमच्या तलाठ्याला सातबाऱ्यावर नाव बरोबर लिवता येत न्हाई.

---

शंकेखोर
रविवार, रात्री ९.४०

कारकुनाचं मान्य. पण मग प्रश्न येतो की सार्वभौम कोण? छत्रपती साताऱ्याला, तह पेशवा करतो, वसूल सरदार घेतो. आपल्या इकडं तर दोन छत्रपती. पुस्तकातल्या व्याख्येत हे बसतं कुठं?

---

बाररूमचा कोपरा
रविवार, रात्री १०.१०

बसत नाही, आणि सरांना त्याची अडचण वाटत नाही. वर अधिराज, खाली मांडलिक, आणि मांडलिक स्वतःच्या नावानं तह करतोय, हे चित्र त्यांनी आशियाभर दाखवलं. ते स्वतः ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात जन्मले होते. एकावर एक राज्यांचे थर त्यांना परके नव्हते. शेजारी राज्यांच्या संबंधांवरचा कौटिल्याचा मंडल सिद्धांत, त्यावरही त्यांनी लिहिलंय.

आणि दोन छत्रपतींचं म्हणाल तर १७३१ चा वारणेचा तह वाचा. चुलत भावांत वाटणी झाली असं आपण म्हणतो, पण कागद वाटणीपत्राचा नाही. हद्द ठरली, नदी ठरली, एकाचे शत्रू दुसऱ्यानं पोसायचे नाहीत असं ठरलं. दोन राज्यांचा तहच तो.

---

मोडीवाला
सोमवार, सकाळी ७.५०

वाचनखूण साठवली. आमच्या मोडी वर्गातली पाच-सहा पोरं इथल्या पुराभिलेखागारात जातात, पण सगळे घराण्याच्या वंशावळी शोधायला. तहांच्या, वकिलातीच्या पत्रांकडं कुणी ढुंकून बघत नाही. आता दोघांना त्या कामाला लावतो. बघू, किती टिकतात.

---

एलएलबी तिसरं वर्ष
सोमवार, सकाळी ११.२०

सर, एकच शेवटचं. परवा पेपर आहे. 'आंतरराष्ट्रीय कायद्याचा उगम' हा प्रश्न हमखास येतो. काय लिहू?

---

बाररूमचा कोपरा
सोमवार, दुपारी २.०५ (लंच ब्रेक)

१६४८ लिही. वेस्टफालिया, ग्रोशियस, सगळं क्रमानं लिही, आणि पास हो. पेपर तपासणाऱ्याला तीस गठ्ठे संपवायचे असतात, त्याला मालवण शिकवायला जाऊ नकोस.

निकाल लागला की बाररूमला ये. १७६६ चा तह इंग्रजीत छापलेला आहे माझ्याकडं, मोडीवाल्यांनाही बोलावतो. येताना ताईंच्या उचगावातून काकड्या आण.